लॅपटॉपमागे दडलेला प्लेस्टेशन टॅबलेटला कसा दाखवायचा

राउटर दूर आहे, तिथून केबल ओढता येत नाही आणि कन्सोलचे वायफाय कमकुवत किंवा बंद पडलेले आहे. अशा वेळी लॅपटॉप वायफायला जोडून त्याचे इंटरनेट लॅन पोर्टमधून शेअर करतात आणि केबल प्लेस्टेशनला लावतात. गेम डाउनलोड होतात, ऑनलाइन मॅचही चालते. टॅबलेटवर रिमोट प्ले (कन्सोलवरचा गेम दुसऱ्या पडद्यावर खेळू देणारे ॲप) उघडले की मात्र कन्सोल सापडत नाही.

यात कन्सोल, टॅबलेट किंवा ॲप यांपैकी कशातच बिघाड नाही. शेअरिंग सुरू केले की विंडोज लॅन पोर्टच्या बाजूला एक वेगळे छोटे नेटवर्क उभे करते. लॅपटॉप स्वतः १९२.१६८.१३७.१ हा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) घेतो आणि कन्सोलला त्याच मालिकेतला पत्ता देतो. टॅबलेट राउटरच्या नेटवर्कवर, समजा १९२.१६८.१ च्या मालिकेत असतो. ॲप कन्सोल शोधताना नेटवर्कभर हाक मारते, पण ही हाक आपल्या नेटवर्कची हद्द ओलांडत नाही. मधला लॅपटॉप आतून बाहेर जाणाऱ्याला वाट देतो, बाहेरून आपणहून आलेल्याला अडवतो. ॲपलच्या मॅक संगणकाच्या शेअरिंगमध्ये पत्ते सहसा १९२.१६८.२ चे आणि लिनक्सच्या नेटवर्क मॅनेजरमध्ये १०.४२.० चे असतात, पण अडचण हीच.

म्हणजे उपाय दोनच: दोघांना एका नेटवर्कवर आणा, नाहीतर लॅपटॉपमध्ये नेमकी दारे उघडा. पहिला जमत असेल तर दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

आधी एवढे तपासा

पीएस ५ वर सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट प्ले इथे जाऊन ते चालू करा. रेस्ट मोडमधून कन्सोल जागा करायचा असेल तर पॉवर सेव्हिंगमध्ये, रेस्ट मोडमधल्या सुविधांखाली, इंटरनेटशी जोडलेले राहणे आणि नेटवर्कवरून सुरू होणे हे दोन्ही पर्याय चालू हवेत. टॅबलेटवरचे व्हीपीएन बंद करा. आयपॅड असेल तर ॲपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी दिली आहे का ते प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये पाहा, ती नाकारलेली असेल तर बाकी सगळे बरोबर असूनही कन्सोल दिसत नाही. टॅबलेट राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर नसावा. गेस्ट नेटवर्क, तसेच राउटरमधले ‘एपी आयसोलेशन’, बहुधा उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाही.

वाट पहिली: एकच नेटवर्क

लॅन पोर्ट असलेला वायफाय एक्स्टेंडर किंवा छोटा ट्रॅव्हल राउटर कन्सोलजवळ ठेवणे हा सगळ्यात टिकाऊ मार्ग. राउटरचे वायफाय त्याने पकडायचे आणि केबलने कन्सोलला द्यायचे. मोड निवडताना मात्र चूक होते. ‘क्लायंट’ किंवा ‘ब्रिज’ मोड घ्या. ‘डब्ल्यूआयएसपी’ मोड घेतला तर ते यंत्र पुन्हा स्वतःचे वेगळे नेटवर्क करते आणि लॅपटॉप असतानाची अडचण जशीच्या तशी परत येते. केबल साधी कॅट ५ई चालते. क्रॉसओव्हर केबलची गरज नाही.

नवे काही न आणता लॅपटॉपवरच ब्रिज, म्हणजे वायफाय आणि लॅन पोर्टला एकाच नेटवर्कमध्ये जोडणारा पूल, करून पाहता येतो. आधी शेअरिंग बंद करा, कारण शेअरिंगमध्ये गुंतलेले कनेक्शन विंडोज ब्रिजमध्ये घेत नाही. मग कंट्रोल पॅनेलमधल्या नेटवर्क कनेक्शन्समध्ये वायफाय आणि इथरनेट (लॅन पोर्टचे कनेक्शन) दोन्ही निवडा, राइट क्लिक करा आणि ‘ब्रिज कनेक्शन्स’ घ्या. मिनिटभर थांबून कन्सोलवर नेटवर्क ‘ऑटोमॅटिक’ ठेवून पुन्हा जोडा. कन्सोलला राउटरच्या मालिकेतला पत्ता मिळाला तर काम झाले, टॅबलेटला तो लगेच दिसेल.

पत्ता मिळालाच नाही, किंवा १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला, तर ब्रिज चाललेला नाही. याचे कारण वायफायच्या रचनेत आहे. राउटर त्याच्याशी जोडलेल्या वायफाय कार्डाचाच मॅक पत्ता (प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) ओळखतो. त्या कार्डामागून दुसऱ्या यंत्राच्या मॅक पत्त्याने आलेले पॅकेट तो टाकून देतो. काही कार्डे आणि ड्रायव्हर पत्ता बदलून हे निभावतात, बरीच निभावत नाहीत. दोन प्रयत्नांत जमले नाही तर वेळ घालवू नका. ब्रिज काढून टाका आणि पुढच्या वाटेकडे वळा.

वाट दुसरी: शेअरिंग ठेवून दारे उघडणे

यात कन्सोलचा पत्ता पक्का हवा. पीएस ५ वर नेटवर्क सेटिंग्जमधल्या ॲडव्हान्स्ड भागात आयपी पत्ता ‘मॅन्युअल’ करा आणि भरा: पत्ता १९२.१६८.१३७.५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, डिफॉल्ट गेटवे १९२.१६८.१३७.१, प्रायमरी डीएनएस ८.८.८.८. लॅपटॉपचा वायफायवरचा पत्ताही बदलता कामा नये. राउटरच्या डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये (एखाद्या यंत्राला कायम तोच पत्ता देण्याची सोय) तो बांधून ठेवा, समजा १९२.१६८.१.२०.

आता लॅपटॉपवर नेटवर्क कनेक्शन्स उघडा. वायफायवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग शेअरिंगचा टॅब. शेअरिंग चालू असल्याची खात्री करून खालच्या ‘सेटिंग्ज’ बटणावर जा आणि ‘ॲड’ दाबा. दर वेळी नाव, कन्सोलचा पत्ता, बाहेरचा पोर्ट, आतला पोर्ट आणि टीसीपी की यूडीपी एवढे द्यायचे. पोर्ट म्हणजे इथे दाराचा क्रमांक, टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती. बाहेरचा आणि आतला पोर्ट एकच ठेवा. इथे पोर्टची रेंज देता येत नाही, प्रत्येकाची वेगळी नोंद करावी लागते:

- टीसीपी ९२९५
- यूडीपी ९२९५, ९२९६ आणि ९२९७
- यूडीपी ९३०२ (पीएस ४ असेल तर याऐवजी ९८७)

शेवटचा पोर्ट कन्सोल शोधण्याचा आणि रेस्ट मोडमधून उठवण्याचा आहे. तो राहिला तर चालू कन्सोल जोडला जाईल, झोपलेला उठणार नाही.

एवढे करूनही सोनीच्या ॲपमधला शोध लागणार नाही, कारण हाक अजूनही हद्दीपलीकडे जात नाही आणि त्या ॲपमध्ये पत्ता हाताने टाकता येत नाही. जवळ कन्सोल सापडला नाही तर ते अकाउंटच्या आधारे इंटरनेटवरून जोडणी करून पाहते. कधी ती जमते, पण लॅपटॉप आणि राउटर असा दोनदा नॅट (आतल्या यंत्रांऐवजी स्वतःचा पत्ता बाहेर दाखवणे) असल्यामुळे तिचा भरवसा नाही. अँड्रॉइड टॅबलेटवर चियाकीसारखे, हाताने पत्ता घेणारे ॲप वापरा. त्यात कन्सोलचा पत्ता टाकू नका, लॅपटॉपचा वायफायवरचा पत्ता टाका, म्हणजे आपल्या उदाहरणात १९२.१६८.१.२०. बहुतेकजण इथेच चुकतात. नोंदणीसाठी कन्सोलवरच्या रिमोट प्ले सेटिंग्जमधून आठ अंकी कोड घ्या. त्याची मुदत थोडी असते, म्हणून टॅबलेटवर नोंदणीचे पान आधी उघडून ठेवा.

एक्सबॉक्सचे गणित थोडे वेगळे आहे. तो जोडणी अकाउंटमार्फत जुळवतो, त्यामुळे जवळ शोध लागण्यावर सगळे अवलंबून नसते. तिथे नॅट कितपत मोकळा आहे हे महत्त्वाचे. सेटिंग्जमधल्या ‘रिमोट फीचर्स’खाली रिमोट प्लेची चाचणी आहे, ती आधी चालवा. ‘डबल नॅट’चा इशारा आला तर पहिलीच वाट धरा.

जोडले, पण अडखळते

लॅपटॉप आणि टॅबलेट एकाच वायफायवर असताना चित्र हवेतून दोनदा जाते: लॅपटॉपकडून राउटरला, राउटरकडून टॅबलेटला. १५ एमबीपीएसचा प्रवाह हवेतली ३० एमबीपीएस इतकी जागा खातो. म्हणून दोन्ही उपकरणे ५ गिगाहर्ट्झवर ठेवा आणि सुरुवात ७२० पी, ३० फ्रेमपासून करा. ते सलग दहा मिनिटे नीट चालले तरच वर जा. टॅबलेट राउटरजवळ नेऊन फरक पडत नसेल तर कमकुवत दुवा लॅपटॉपचा आहे. तो हलवून पाहा.

काल चालत होते, आज कन्सोलला इंटरनेटच नाही, असे लॅपटॉप रीस्टार्ट केल्यावर पुष्कळदा होते. विंडोजमध्ये शेअरिंगची खूण दिसत राहते, पण आतून ते सुरू झालेले नसते. खूण काढा, ओके करा, पुन्हा लावा. त्यानंतर पोर्टच्या नोंदी जागेवर आहेत का तेही बघा. लॅपटॉप झोपला की सगळेच तुटते, म्हणून चार्जरवर असताना झाकण मिटल्यावर ‘काहीही करू नये’ असा पर्याय पॉवर सेटिंग्जमध्ये ठेवा. झाकण मिटून ठेवणार असाल तर लॅपटॉप टणक, मोकळ्या जागी असू द्या. गादीवर तो तापतो.