चुना लावण्यापूर्वी : गच्चीवरचा परावर्तनाचा छोटा प्रयोग

ठाण्याच्या जुन्या चार मजली इमारतींत किंवा ऐरोली-नेरुळच्या सिडकोच्या घरांत मार्चपासून वरच्या मजल्यावर पंखा गरम वारा फेकतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. गच्ची पांढरी केली की हे कमी होतं. पण किती कमी होतं, ते आपल्याच गच्चीवर मोजून बघता येतं. त्याची ही कृती.

सौर भूअभियांत्रिकीचा वाद जगभर ज्यावर चालू आहे ते तत्त्वही हेच आहे : सूर्यप्रकाशाचा काही भाग शोषला जाण्याआधी परत पाठवायचा. १९९१ साली फिलिपाइन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला, त्यापासून झालेल्या बारीक कणांनी ऊन परतवलं आणि पुढचं वर्षभर पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशाने थंड राहिली. तसंच मुद्दाम करावं का, आणि त्यासाठी उघड्यावर छोटे प्रयोग तरी करू द्यावेत का, हा तो वाद. त्यातला एक धडा गच्चीवर जसाच्या तसा लागू पडतो, म्हणून सुरुवात चुन्यापासून न करता सोसायटीच्या सभेपासून करा.

आधी सभा

ब्रिटनमधल्या ‘स्पाइस’ प्रकल्पाला फुगा आणि एक किलोमीटर लांब नळी वापरून फक्त साधं पाणी फवारायचं होतं. पेटंटवरून हितसंबंधांचा प्रश्न निघाला, नियमांचा पत्ता नव्हता, आणि २०१२ मध्ये चाचणी रद्द झाली. हार्वर्डच्या ‘स्कोपेक्स’ला २०२१ मध्ये स्वीडनच्या किरुनाहून फुगा नुसता उडवून यंत्रं तपासायची होती, एक कणही सोडायचा नव्हता. तिथल्या सामी लोकांच्या परिषदेने आम्हाला विचारलं कुणी, असा सवाल केला. उड्डाण थांबलं आणि २०२४ मध्ये प्रकल्पच गुंडाळला गेला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या अलामेडा शहरात एका जुन्या विमानवाहू जहाजावरून मिठाच्या पाण्याचे तुषार उडवण्याचा प्रयोग नगर परिषदेने बंद पाडला. तुषारांपासून आरोग्याला धोका दिसत नाही, असा सल्लागारांचा अहवाल हाती असतानाही.

तिन्ही ठिकाणी वस्तू निरुपद्रवी होती आणि मात्रा नगण्य. अडलं ते नियमांवर आणि विचारण्यावर. विरोधकांची भीती मात्र पोकळ नव्हती : बोट दिलं की मनगट धरणार. आज पाणी, उद्या गंधक. २०१० च्या जैवविविधता कराराच्या नागोया बैठकीतही देशांनी मोठ्या प्रयोगांना आवर घालताना छोट्या, नियंत्रित संशोधनाला वाट ठेवली, पण ‘छोटं’ म्हणजे किती यावर भांडण उरलंच.

म्हणून आपला विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर रीतसर घ्या. ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून शेवटी घुसवू नका, नाहीतर ‘सोसायटीला चुना लावला’ हे वाक्य पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल. ठरावात चार गोष्टी असाव्यात : किती जागा, किती दिवस, खर्च कुणाचा, आणि कोणत्या कारणाने थांबायचं. थांबण्याची अट आधी लिहा. उदाहरणार्थ, समोरच्या इमारतीतून डोळ्यांवर तिरीप येते अशी तक्रार आली, की दोन दिवसांत तो चौकोन गोणपाटाने झाकायचा. घोडबंदर रोडला उंच टॉवरच्या पायथ्याशी जुनी इमारत असेल, तर ही तक्रार येणारच. समोरच्या सोसायटीलाही एक पत्र द्या. फायदा वरच्या मजल्याचा, वर्गणी सगळ्यांची आणि चकाकी शेजाऱ्यांची, हे गणित सभेत कुणीतरी काढतंच. ते आपणच आधी मांडलेलं बरं.

आखणी

दोन मीटर बाय दोन मीटरचे चार चौकोन खडूने आखा. दोन पांढरे होणार, दोन तसेच राहणार, आणि ते बुद्धिबळाच्या पटासारखे तिरपे ठेवायचे. पांढरे सगळे एकाच बाजूला घेतले, तर खाडीकडून येणाऱ्या दुपारच्या वाऱ्याचा परिणाम तुम्ही चुन्याच्या नावावर जमा कराल. कठडा, टाकी आणि डिश अँटेना यांची सावली दुपारी बारा ते तीन चौकोनांवर पडू नये.

गच्चीचा पृष्ठभाग आधी बघा. सिमेंटचा कोबा असेल तर चुना उत्तम धरतो. चायना मोझॅकच्या गुळगुळीत तुकड्यांवर तो टिकत नाही, आणि काळ्या डांबरी पट्ट्यांवर पापुद्रे सुटतात. गळतीसाठी पत्र्याची शेड घातलेली असेल, तर खालच्या स्लॅबला चुना लावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिथे ऊन पत्र्यावर पडतं, आणि पत्र्यावर चढून प्रयोग करू नये.

चुना

शंभर चौरस फुटांच्या दोन हातांसाठी : चुना पावडर ३ किलो, पांढरं सिमेंट १ किलो, लाकडाला वापरतात ते फेविकॉल पाव लिटर, पाणी सुमारे ६ लिटर. दोन पांढऱ्या चौकोनांचं क्षेत्र ८६ चौरस फूट होतं, म्हणजे एवढं पुरतं. आधी फेविकॉल थोड्या पाण्यात विरघळवून घ्या, मग पावडर कालवा, आणि फडक्यातून गाळा. दाटपणा ताकाइतका हवा. सिमेंट असल्यामुळे हे मिश्रण तासाभरात संपवायचं, म्हणून प्रत्येक हाताला अर्धंच कालवा.

कळीचा चुना आणून गच्चीवर विझवू नका. तो उकळतो, उडतो, आणि डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. पावडरीलाही चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. डोळ्यात गेलंच तर पंधरा मिनिटं सलग पाण्याने धुऊन थेट डॉक्टरकडे. चुन्याच्या पाण्याचा पीएच बाराच्या आसपास असतो, म्हणजे ते फार अल्कधर्मी असतं, त्यामुळे बादली कुंड्यांत ओतू नका आणि टाकीचं झाकण आधी घट्ट बसवा.

शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून काढा, झाडा, धुवा. संध्याकाळी चारनंतर कोबा ओला करून पहिला हात मारा. कोरडा स्लॅब पाणी शोषून घेतो, चुना बांधला जात नाही आणि हात फिरवला की भुकटी निघते. सर्वांत जास्त फसतं ते इथेच. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, पहिल्याच्या आडव्या दिशेने. पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी शिंपडा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला ओल लागते.

मोजणी

चुना लावण्याआधी पाच दिवस चारही चौकोन उघडे असतानाच मोजा. एखादा मुळातच एक अंशाने जास्त तापत असेल, तर ते आत्ताच कळतं आणि पुढे वजा करता येतं. ही पायरी लोक हमखास गाळतात. चुन्यानंतर दहा दिवस मोजा. ढगाळ दिवस धरायचे की सोडायचे, ते आधी लिहून ठेवा. आकडे बघून ठरवलं तर ती मोजणी राहत नाही, वकिली होते.

पृष्ठभागाचं तापमान मोजायला ‘डीएस१८बी२०’ जातीचे पाण्यात चालणारे सेन्सर पुरतात, चौकोनाला एक. सेन्सर नुसता ठेवला तर तो स्वतःच उन्हात तापतो. गच्चीला खाच पाडू नका, वॉटरप्रूफिंग जाईल. सिमेंटच्या पातळ गिलाव्याने चिकटवा, आणि पांढऱ्या चौकोनातल्या सेन्सरवर तोच चुना फिरवा. दुपारी दीडला पृष्ठभाग नोंदवा, आणि संध्याकाळी सात व रात्री दहाला खालच्या घरातून छताचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. पाच इंची स्लॅबमधून उष्णता उतरायला काही तास लागतात, त्यामुळे दुपारी छत मोजून ‘फरक नाही’ म्हणू नका. चकचकीत धातूवर हा थर्मामीटर खोटं बोलतो, पण चुना आणि कोब्यावर ठीक चालतो.

परावर्तनासाठी दोन लाख लक्सपर्यंत (लक्स म्हणजे पडणारा प्रकाश मोजण्याचं एकक) मोजणारा लक्समीटर घ्या. चौकोनाच्या मध्यावर, जमिनीपासून २५ सेंटीमीटर उंचीवर आधी तोंड वर, मग खाली. खालचा आकडा भागिले वरचा. ९५,००० आणि ६६,५०० आले तर गुणोत्तर ०.७. उंची ५० सेंटीमीटर केली, तर मीटरला दिसणारा जवळजवळ पाचवा भाग चौकोनाबाहेरचा असतो आणि आकडा पडतो. मीटर लांब काठीला बांधा, तुमची सावली आत नको. लक्समीटरला फक्त डोळ्याला दिसणारा प्रकाश कळतो, इन्फ्रारेड नाही, म्हणून हा आकडा तुलनेसाठीच वापरा.

भर दुपारी पृष्ठभागात दहा-पंधरा अंशांचा फरक आला तर प्रयोग जमला. छताच्या खाली तो दोन-चार अंश असेल. खोलीच्या हवेत काहीच जाणवणार नाही, कारण चार चौरस मीटर म्हणजे खोलीचं अख्खं छत नव्हे. ‘काही उपयोग नाही’ हा निष्कर्ष इथेच घाईने काढला जातो.

उलट्या टोकाची घाईही नको. ठाण्यातल्या सगळ्या गच्च्या पांढऱ्या झाल्या तरी पृथ्वीच्या तापमानाला पत्ता लागणार नाही, तो फायदा घरापुरता आणि गल्लीपुरता. शिवाय चुना पावसाळ्यात हळूहळू उतरतो आणि गच्ची आपोआप पूर्वपदावर येते. वातावरणात वर सोडलेलं गंधक वर्ष-दोन वर्षांत खाली येतं, म्हणून ते सतत भरत राहावं लागतं. अनेक दशकांनी अचानक थांबवलं, तर दाबून ठेवलेली तापमानवाढ थोड्याच वर्षांत उसळते. पाऊसमानही बदलू शकतं, आणि मोसमी पावसावर जगणाऱ्या देशाला तो प्रश्न दुय्यम नाही. म्हणून गच्चीवर जमलं म्हणजे आकाशातही जमेल, असं सभेत बोलू नका.

तुर्भे-महापेकडे किंवा मेट्रोचं काम चालू असलेल्या रस्त्यालगत धूळ इतकी बसते, की पंधरवड्यात पांढरा चौकोन करडा होतो. प्रयोग चालू असताना तो धुऊ नका, पडणारा आकडा हाही निकालच आहे. लावण्याचं काम मेच्या मध्यापर्यंत उरका आणि ऑक्टोबरमध्ये, शेवाळाचा थर बसल्यावर, पुन्हा मोजा. सोसायटीने पुढे सगळी गच्ची पांढरी करायची ठरवली, तरी एक चौकोन उघडाच राखा. त्याच्याभोवती ठळक अक्षरांत ‘रंगवू नये’ असं लिहा, नाहीतर रंगारी उरलेल्या चुन्यात तोही पांढरा करून देतील आणि पुढच्या वर्षी तुलनेला काही उरणार नाही.