युरोपात कार्ड टॅप करायचंय? मग आधी जळगावातच एवढं करून घ्या

भो, आपल्याकडे केळीच्या गाडीवरही क्यूआर लावलेला असतो, त्यामुळे पाकिटात कार्ड आहे की नाही तेच आपण विसरलोय. तिकडे ते चालत नाही. आयफेल टॉवरच्या तिकिटाला 2024 मध्ये यूपीआय सुरू झालं हे खरं, पण गल्लीतल्या बेकरीत फोन पुढे केला तर समोरचा नुसता बघत राहील. कार्डच लागतं, आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डच, नुसत्या रुपेच्या भरवशावर निघू नका.

निघायच्या आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन इंटरनॅशनल चालू करा. 2020 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरापुरतं सुरू असतं, बाकीचं आपण चालू करायचं. एटीएम, दुकानातलं मशीन आणि कॉन्टॅक्टलेस (म्हणजे नुसतं टॅप करणं) यांची बटणं वेगवेगळी असतात. मी घाईत तिसरं विसरलो आणि पहिल्याच दिवशी कॉफीच्या काउंटरवर तीनदा टॅप केलं तरी काही होईना, मागे लाईन लागलेली, मला वाटलं कार्ड मेलं. शेवटी चिप घालून पिन टाकला तेव्हा पैसे गेले. म्हणून पिन पाठ पाहिजे, कारण साधारण 50 युरोच्या वर टॅप केलं की तो विचारतातच. आणि ओटीपीसाठी आपलं सिम रोमिंगवर चालू ठेवा.

आता खरी मेख. मशीन विचारतं, युरोत देणार की रुपयात? रुपये दिसले की आपल्याला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं आणि बोट तिकडेच जातं. दाबू नका! तो रेट दुकानदाराच्या बाजूचा असतो, बँकेपेक्षा महागच पडतो, वर काही बँका त्यावर वेगळा चार्ज लावतात. युरो निवडा. साध्या कार्डावर बहुतेक साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परदेशी चलनासाठी बँक लावते तो चार्ज, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 100 युरोमागे चार युरोच्या आसपास जातातच. आधीच युरो भरून घेतलेलं फॉरेक्स कार्ड, म्हणजे परदेशी चलनाचं प्रीपेड कार्ड, असेल तर हे वाचतं, पण स्वित्झर्लंडला फ्रँक चालतो, तिथे त्याच कार्डावर परत बदलायचा खर्च बसतो हे लक्षात ठेवा.

अ‍ॅमस्टरडॅमच्या ट्राममध्ये चढताना टॅप, उतरताना टॅप, आणि दोन्ही वेळा तेच कार्ड. एका कार्डावर एकच माणूस. आई सोबत होती, मी माझंच कार्ड तिच्यासाठी परत लावायला गेलो, तर मशीनच्या हिशोबाने मी उतरलो होतो. आई म्हणे, "मंग आता तू पायी येशी का?"

थोडी रोकड ठेवाच, जर्मनीत छोट्या हॉटेलात अजून रोखच मागतात. बँकेच्या भिंतीतल्या एटीएममधूनच काढा, टुरिस्ट गल्लीतल्या सुट्या डब्ब्यांतून नको. आणि तेही रुपयांत बदलून देऊ का विचारेल, तिथेही नाहीच म्हणा.