बेड नंबर सातचे आजोबा

सांगली-मिरजेला नर्सिंगला येताय आणि आयसीयूतल्या मशिनींची धास्ती वाटतेय? मलाही वाटायची. जतहून आलेली मी. मोबाईल दिवसभर हातात, पण मॉनिटरचं बटण दाबताना बोट थरथरायचं. ती भीती आठवड्याभरात जाते. जपायचं असतं ते त्यानंतर.

तिसऱ्या वर्षाला मिरजेतल्या एका आयसीयूत पोस्टिंग होतं. तिथे प्रत्येक बेडचा मॉनिटर नर्सिंग स्टेशनवरच्या मोठ्या स्क्रीनला जोडलेला. नाडी, बीपी, एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) दर तासाला आपोआप पेशंटच्या नोंदीत जायचं. म्हटलं, सुटलो बाई! एका रात्री सात नंबरच्या आजोबांना नऊवर हलवलं. केबल लावल्या, आकडे झळकले, मी निवांत. पण मॉनिटरला माणूस कुठे कळतो? त्या बेडवर शेवटचं नाव ज्याचं, आकडे त्याच्याच खात्यात. नऊवरच्या बाई सकाळीच वॉर्डात गेल्या होत्या, त्यांचं नाव कुणी काढलंच नव्हतं. तीन तास आजोबांचं बीपी त्यांच्या नावावर चढत होतं. पहाटे सिस्टरांच्या लक्षात आलं. ओरडल्या नाहीत, आजोबांच्या मनगटावरचा पट्टा आणि स्क्रीनवरचं नाव मोठ्यानं वाचायला लावलं. दोनदा. आजोबाही जागे होऊन ऐकत होते.

तेव्हापासून पेशंट हलवला की आधी जुनं नाव काढते, नवीन टाकते, मगच केबलला हात.

एसपीओटू एकदम 82 दिसला तर आधी पेशंटकडे बघा. धाप लागली असेल, ओठ निळे पडले असतील तर बोटाला लावलेला प्रोब चाचपत बसू नका, हाक मारा. पेशंट आरामात बोलतोय? मग आकडा चुकवणारं काही आहे का बघा: गार पडलेली बोटं, गडद नेलपॉलिश, नाहीतर त्याच हातावर फुगणारा बीपीचा कफ. (माझ्या पहिल्या ‘इमर्जन्सी’त कफच होता. डॉक्टर जेवण टाकून धावत आले होते.)

सलाईनला पंप आहे म्हणून थेंबांचं गणित विसरू नका. 500 मिली चार तासांत, मिलीला 20 थेंबांचा सेट, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. पंप बिघडला की हेच कामी येतं.

आमच्या बॅचमध्ये मशीन नको असं कुणीच म्हणत नव्हतं. वैताग होता तो तेच कॉम्प्युटरवर आणि तेच पुन्हा कागदावर लिहिण्याचा. आणि हो, स्वतःचं लॉगिन मिळालं की ‘तुझ्या नावानं टाक ना जरा’ म्हणणारे भेटतीलच. गोड हसायचं, पासवर्ड द्यायचा नाही.