व्हेंडिंग मशीनचा टॅम्पर अलार्म सारखा वाजत असेल तर

रबाळे, महापे, घणसोली आणि खाडीपलीकडचं वागळे इस्टेट, एवढ्या पट्ट्यातली स्नॅक्स-कोल्ड्रिंकची व्हेंडिंग मशीन मी सांभाळते. पावसाळा लागला की फोन सुरू होतात. "मॅडम, टॅम्पर अलार्म सारखा येतोय, सेन्सर बदलून द्या." टॅम्पर अलार्म म्हणजे कुणी मशीन उघडायला किंवा हादरवायला गेलं की वाजणारा. मी विचारते, किती वाजता येतोय? समोरचा वैतागतो. त्याला सेन्सर हवा असतो आणि ही बाई वेळ विचारत बसलीय. पण बराचसा उलगडा त्या वेळेतच असतो.

लॉग, म्हणजे अलार्म कधी आला याच्या नोंदी, उघडण्याआधी एक पथ्य पाळा. चार वेळा खोटा वाजला म्हणून पाचव्यांदाही खोटाच वाजला असेल, असं धरू नका. पोचल्या पोचल्या दार, कुलूप, कॅशबॉक्स आणि मशीनची मागची बाजू टॉर्च मारून बघा. कुलपाभोवती ताजे ओरखडे, वाकलेली कड, कापलेली वायर दिसली तर हात न लावता फोटो काढा, ११२ ला फोन करा, मालकाला कळवा. दुरुस्ती मग. तसं काही नसेल तर गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यांना कल्पना द्या, अलार्मवर नजर ठेवणाऱ्या कंट्रोल रूमला साइट टेस्टवर टाकायला सांगा, म्हणजे तेवढा वेळ तिथले अलार्म ते खरे धरणार नाहीत, आणि कामाला लागा.

आता लॉग. काही सर्व्हर ग्रीनिचच्या वेळेने नोंदी ठेवतात, त्यात साडेपाच तास मिळवायचे. नाहीतर दुपारी दीडचा अलार्म तुम्हाला सकाळी आठचा दिसेल आणि झाडूवाल्या मावशींवर उगाच संशय जाईल. वेळा कागदावर एकाखाली एक लिहून काढा. जेवणाची सुट्टी आणि दुपारी तीन, रात्री अकरा अशा पाळी सुटायच्या वेळा दिसल्या तर कारण माणसं. ठरावीक मिनिटांनी, दिवसरात्र येत असेल तर कॉम्प्रेसर. पहाटे किंवा पावसाच्या सरीनंतरच येत असेल तर ओल. आणि वेळेला काहीच धरबंध नसेल तर सैल वायर नाहीतर मेलेली बॅटरी.

माणसांचं आधी सांगते, कारण एमआयडीसीत हेच जास्त सापडतं. रात्री अकराला पाळी सुटते, पोरं बसच्या घाईत असतात. चिप्सचं पाकीट स्प्रिंगच्या टोकाला लटकून राहतं, पैसे तर गेलेले. मग मशीनला धपाटे बसतात, कुणी खांद्याने ढकलतं. कंपन सेन्सर बिचारा आपलं काम करतो. इथे मालक हमखास म्हणतो, "सेन्सिटिव्हिटी कमी करून टाका." करू नका. स्क्रू फिरवून गप्प केलेला सेन्सर उद्या खरी पहार लागली तरी गप्पच राहील. त्याऐवजी कुठल्या रांगेतलं पाकीट अडकतं ते शोधा. पाकिटाच्या जाडीपेक्षा स्प्रिंगचा पीच, म्हणजे दोन वेढ्यांमधलं अंतर, कमी असेल तर ते आवळून बसतं, फारच जास्त असेल तर तिरकं होऊन लटकतं. स्प्रिंग बदला किंवा माल दुसऱ्या रांगेत भरा. पाकीट सोडताना स्प्रिंगचं टोक कुठल्या बाजूला थांबतं तेही जुळवून घ्या. पाकीट पडलं नाही तर पैसे परत देणारा ड्रॉप सेन्सर मशीनमध्ये असेल तर तो चालू आहे ना बघा. बऱ्याच ठिकाणी त्या सेन्सरच्या काचेवर धूळ बसली म्हणून कुणीतरी तो सेटिंगमधून बंदच करून ठेवलेला असतो. पैसे परत मिळाले की धपाटे थांबतात.

मशीन हलतंच कसं, हाही प्रश्न आहे. ते भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने धरलेलं हवं. भरलेल्या मशीनचं वजन तीनशे किलोच्या आसपास, कधी त्याहून जास्त. अमेरिकेत अशी मशीन हलवताना अंगावर पडून माणसं दगावली आहेत. अलार्मचं जाऊ द्या, पण हे काम त्याच दिवशी करून घ्या.

कॉम्प्रेसरचा संशय असेल तर त्याचं कारण यांत्रिक आहे की विजेचं, हे आधी ठरवा. कंपन सेन्सर लूपमधून (सेन्सर ओवलेल्या वायरच्या साखळीतून) काढून त्याच्या जागी तात्पुरता वायरचा तुकडा जोडा आणि मशीनसमोर उभे राहून कॉम्प्रेसर दोन-तीनदा चालू होऊ द्या. अलार्म थांबला तर हादरा खरा आहे: रबरी बुश कडक झालेत, तांब्याची नळी पत्र्याला घासतेय किंवा मशीनचा एक पाय अधांतरी आहे. स्पिरिट लेव्हल लावून पाय आधी नीट करा. तरीही वाजला तर सिग्नलची वायर कॉम्प्रेसरच्या केबलला चिकटून गेलेली असणार. चालू होताना कॉम्प्रेसर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, त्याचा झटका शेजारच्या बारीक वायरमध्ये उतरतो. दोन्ही वायरींमध्ये वीतभर अंतर ठेवा, ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा, आणि शील्डेड वायर असेल तर तिची जाळी फक्त पॅनेलकडच्या (अलार्मच्या मुख्य पेटीकडच्या) टोकाला अर्थ करा. परीक्षा झाली की तो तुकडा काढून सेन्सर परत जोडा.

आता ओल, म्हणजे दाराचा स्विच. इथे आपल्या भागाची एक खास पीडा आहे. खाडीची दमट हवा आणि केमिकल कारखान्यांचा गॅस, यात चांदीचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. साधा मायक्रोस्विच पाच-दहा अँपिअरचा असतो. मोठा करंट गेला तर दर वेळी बारीक ठिणगी पडून तो काळा थर जळून जातो. पण टॅम्पर लूपमध्ये करंट जेमतेम काही मिलिअँपिअर, थर जळणार कशाने? म्हणून नवाकोरा मायक्रोस्विच टाकला तरी एक-दोन पावसाळ्यांत तीच तक्रार परत येते. तिथे सोन्याचा मुलामा असलेले कॉन्टॅक्ट मागा, किंवा सरळ काचेत बंद असलेला, चुंबकाने चालणारा रीड स्विच आणि चुंबक लावा. रीड स्विच लोखंडी दारावर थेट बसवू नका. पत्रा चुंबकाचं क्षेत्र खातो आणि पाकिटावर लिहिलेल्या अंतराच्या निम्म्यावरच स्विच सुटतो. मध्ये प्लास्टिकचा स्पेसर घाला. काचेचं जड दार बिजागरीवर खाली बसलं असेल तर आधी ते उचलून घ्या, नाहीतर स्विचची जागा बदलत बसाल.

वायरीसाठी पॅनेल बंद करून लूपची दोन्ही टोकं सोडवा आणि रेझिस्टन्स मोजा. लूपच्या टोकाला बसवलेला रेझिस्टर ४.७ किलोओहमचा असेल तर मीटरवर तेवढाच, फार तर थोडेसे ओहम जास्त दिसले पाहिजेत. मग मीटर मिन-मॅक्सवर (सगळ्यात कमी आणि जास्त आकडा धरून ठेवणाऱ्या सेटिंगवर) ठेवून एकेक जोड हलवा, दार हळूच ओढून सोडा. मीटरच्या नुसत्या बीपवर विसंबू नका; क्षणभर तुटणारा जोड बीपला कळत नाही, पॅनेलला बरोब्बर कळतो. पिळून टेप मारलेला जोड दिसला की कापा आणि लग (धातूचं टोक) लावून क्रिम्प करा, म्हणजे दाबून पक्कं बसवा. बसवणाऱ्याने दार, झाकण, कंपन असं सगळं एकाच लूपमध्ये ओवलं असेल आणि पॅनेलला इनपुट रिकामे असतील तर ते वेगळे करून टाका. पुढच्या वेळी लॉगच सांगेल कोण बोंबलतंय.

बॅटरीचं थोडक्यात. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची असेल तर चार्जिंगवर साधारण १३.५ ते १३.८ व्होल्ट दिसतात. मेन काढून हूटर (अलार्मचा भोंगा) वाजवा. एक-दोन मिनिटांतच ११ च्या खाली घसरली तर बदला. व्होल्टेज पडलं की सेन्सरचा रिले (आतला विजेवर चालणारा स्विच) सुटतो, पॅनेल त्याला छेडछाड समजतं, हूटर परत वाजतो, व्होल्टेज आणखी पडतं.

पाली, मुंग्या, उंदीर यांच्यासाठी केबल येते तिथे ग्लँड (केबलभोवतीची कडी) आवळा, रिकामी भोकं बंद करा. फोम भरून चालत नाही, उंदीर कुरतडतो. पत्र्याची चकती लावा.

सगळं झालं की प्रत्येक सेन्सर स्वतः वाजवून कंट्रोल रूमला कुठला इनपुट दिसला ते फोनवर विचारून घ्या, आणि निघण्यापूर्वी साइट टेस्टवरून काढायला लावा. हो, आठवणीने. टेस्टवर राहिलेल्या साइटचा अलार्म रात्रभर वाजला तरी तिकडे कुणी मान वर करून बघत नाही.