मेडिकलच्या पोरांना फिजिक्स शिकवायचंय? आधी बीपीचं मशीन आणा

पहिल्या वर्षाच्या पोरांना वाटत असतं की एंट्रन्स झाली, फिजिक्समधून सुटलो एकदाचे. आणि आपण फळ्यावर परत डेरिव्हेशन मांडलं की मागचे दोन बाक झोपलेच म्हणून समजा. त्यामुळे फॉर्म्युला शेवटी, आधी हातात काहीतरी द्या.

पहिला तास बीपी मशीनवरच घालवा. एकाचा हात हृदयाच्या लेव्हलला ठेवून बीपी घ्या, मग तोच हात खाली सोडून, मग वर धरून, आणि प्रत्येक वेळी दोन-तीनदा घ्या, कारण बीपी तसंही हलत असतं. पण मोजायच्या आधी सगळ्यांना वहीत अंदाज लिहायला लावा, हे अजिबात विसरायचं नाही, अंदाज चुकला की पोरगं खडबडून जागं होतं. कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) हृदयापेक्षा १० सेंमी खाली गेला तर रीडिंग साधारण ७-८ मिमी पारा जास्त येतं. पेशंटला काहीच झालेलं नसतं, तो नुसता रक्ताच्या उभ्या स्तंभाचा दाब, पण बॉर्डरवरच्या माणसाला तेवढ्यावर उगाच गोळी चालू होऊ शकते ना! आता फळ्यावर लिहा, hρg नाही, नुसतं 'उंची गुणिले घनता गुणिले जी', कुणी झोपणार नाही.

मग पॉइझुलीचा नियम, म्हणजे नळीतून द्रव किती वाहतो त्याचा. (पॉइझुली स्वतः डॉक्टरकी शिकलेला होता, हे आवर्जून सांगा.) सलाईनची बाटली एकाच उंचीवर टांगायची, एकदा जाड कॅन्युला (शिरेत घालायची नळी) लावायची, एकदा बारीक, आणि खाली मेजरिंग सिलिंडर ठेवून मिनिटाचं पाणी मोजायचं. नियमानं त्रिज्या दुप्पट झाली की प्रवाह १६ पट. प्रत्यक्षात तेवढा येत नाही. इथे घाबरून विषय बदलू नका, खरी मजा इथेच आहे, सलाईन सेटची लांब नळी पण रोध करते, जोराच्या प्रवाहात टर्ब्युलन्स (भोवरे) येतो, कॅन्युलांची लांबी पण वेगळी असते, हे सगळं पोरांकडूनच काढून घ्या. रक्तस्राव होत असलेल्या पेशंटला आखूड आणि जाड कॅन्युला का, हे परत सांगावं लागत नाही.

सोनोग्राफीला पाचच मिनिटं पुरतात: प्रोब जेलशिवाय टेकवा, चित्र येत नाही, का ते विचारा. हवेच्या थरावरून जवळजवळ सगळा आवाज परत फिरतो.

उतारावरून खाली घसरणारे ठोकळे, कप्प्या वगैरे सरळ गाळा. आणि पेपरात 'नियम सिद्ध करा' विचारू नका, नाहीतर वर्षभर केलेलं सगळं पाण्यात, पोरं परत पाठच करणार. त्यापेक्षा 'बेड वर केला, ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा सेन्सर) खालीच राहिला, रीडिंग कुठे जाईल?' असं विचारा.