मूल घरी येण्याआधी माणसं जोडून ठेवा

पहिलं मूल आमच्या घरी आलं ते रात्री साडेनऊला. आठ वर्षांचा मुलगा, हातात एकच पिशवी. मी अंथरूण घातलं आणि तो बूट न काढताच झोपला. दोनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला. बूट काढून झोपायला त्याला अकरा दिवस लागले.

प्रतिपालक, म्हणजे दुसऱ्यांचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणारे पालक, व्हायचं म्हणून चौकशी करणाऱ्यांना मी आधी ही बुटांची गोष्ट सांगते, कारण बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "आमच्याकडे माया भरपूर आहे, तेवढी पुरेल ना?" माया हवीच. पण त्या अकरा दिवसांत मला सगळ्यात जास्त गरज लागली ती रात्री फोन उचलणाऱ्या माणसाची.

आधी एक गैरसमज दूर करते. प्रतिपालकत्व म्हणजे दत्तक घेणं नव्हे. कायद्यानं मूल आपलं होत नाही. त्याच्या आईवडिलांची घडी बसेपर्यंत किंवा त्याची कायमची सोय लागेपर्यंत आपण त्याला घर देतो. संयुक्त राष्ट्रांनी 2009 मध्ये पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. मूल शक्यतो स्वतःच्या कुटुंबात राहावं किंवा तिथे परत जावं, हा त्यांचा गाभा आहे. म्हणजे निरोप हा या कामाचाच भाग आहे. हे पटत नसेल तर अजून थांबा, घाई करू नका.

मला या वाटेवर आणलं ते बुखारेस्टमधल्या एका अभ्यासानं. तो 2000 मध्ये सुरू झाला. रुमानियातल्या अनाथालयांतली 136 लहान मुलं निवडून त्यांतली निम्मी प्रतिपालक घरांत ठेवली. त्या मुलांची बौद्धिक वाढ संस्थेतल्या मुलांपेक्षा चांगली झाली, आणि वयाच्या दोन वर्षांच्या आत घरी आलेल्यांची सर्वांत चांगली. मला त्यातली दुसरी गोष्टही महत्त्वाची वाटते: त्या घरांना वाऱ्यावर सोडलं नव्हतं, सामाजिक कार्यकर्ते सतत पाठीशी होते.

प्रतिपालकांच्या निवडीच्या वेळी घरभेटी होतात, कागदपत्रं तपासली जातात, आणि तुमच्या आयुष्याबद्दल खोलात विचारलं जातं. "लहानपणी तुम्हाला शिक्षा कशी व्हायची?" या प्रश्नाला मी अडखळले होते. तिथे शोभेची उत्तरं देऊ नका. आपल्याला राग कशाचा येतो हे तुम्हाला आधी कळलेलं बरं, नाहीतर ते मुलाला कळतं.

प्रशिक्षणात रोजची नोंद ठेवायला शिकवतात. त्यात निष्कर्ष नको, घडलं ते लिहा. "उद्धटपणा केला" असं नाही, तर "भेटीहून आल्यावर जेवला नाही, दार आपटलं, रात्री बाहेरचा दिवा चालू ठेवायला सांगितला". महिन्याभराच्या अशा नोंदींतूनच आम्हाला कळलं की त्याचा सगळा उद्रेक आईच्या भेटीच्या दिवशी होतो.

तेव्हा मला त्याच्या आईचाच राग आला होता. भेटी बंद कराव्यात, असं मी मनात ठरवूनही टाकलं. आमच्या प्रतिपालक गटातल्या एका अनुभवी ताईंनी मला तिथेच अडवलं. म्हणाल्या, "भेट बंद करू नका, भेटीची संध्याकाळ मोकळी करा. पाहुणे नकोत, अभ्यास नको, प्रश्न तर अजिबात नकोत." तीन भेटींनंतर फरक दिसू लागला. तोवर आमच्याकडच्या कार्यकर्त्या बदललेल्या होत्या आणि नव्या बाईंना या मुलाची काहीच माहिती नव्हती. गट नसता तर मी खचले असते.

अमेरिकेत 2004 मध्ये मॉकिंगबर्ड नावाची पद्धत सुरू झाली आणि नंतर ती ब्रिटनमध्येही रुजली. एक अनुभवी घर मध्यभागी, त्याच्याभोवती सहा ते दहा प्रतिपालक कुटुंबं. मुलं त्या घरी रात्रीची राहायलाही जातात, पालकांना विसावा मिळतो, आणि मुलाला ते ओळखीचं घर असतं. तुमच्याकडे अशी तयार रचना नसेल, तरी अर्ज करतानाच विचारा: रात्री फोन कुणाला करायचा? विसाव्यासाठी मूल कुणाकडे जाईल? दर वेळी त्याच व्यक्तीकडे जाईल का? विसावा घेताना पहिल्यांदा मला अपराधी वाटलं होतं. आता मी तो आधीच ठरवून घेते.

तुमची स्वतःची मुलं असतील तर त्यांच्यासाठीही घराबाहेरचं एक हक्काचं माणूस हवं. माझी लेक मला दुखवायला नको म्हणून कितीतरी गोष्टी मावशीलाच सांगायची. नातेवाईक मात्र मुलाची हकिगत विचारत राहतात. ती सांगू नका. ती त्याची आहे.

चौदा महिन्यांनी तो आईकडे परत गेला. कपडे नव्या बॅगेत भरले, फोटोंचा अल्बम दिला, नोंदवहीतून त्याच्या सवयी वेगळ्या कागदावर उतरवून दिल्या. त्या दुपारी गटातल्या दोघी न बोलावता आल्या आणि अंधार पडेपर्यंत बसल्या.

महिन्याभरानं त्याच्या आईचा फोन आला. कागद सापडत नव्हता. "ताई, झोपताना त्याला दिवा कुठला लागतो?"

"बाहेरचा," मी म्हटलं, "आणि दार अर्धं उघडं."