हायपर-व्हीवरच्या व्हर्च्युअल मशीनवर नजर कशी ठेवावी

सोमवारी दहा वाजून गेले की बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यातून मला फोन यायचाच. "दादा, टॅली हलेना झालंय बघा. काय तर करा." गाडी काढून तिथं पोचेपर्यंत साडेअकरा व्हायचे आणि तोवर टॅली सुरळीत चालू असायचं. असे चार सोमवार गेले. तिथं हायपर-व्ही होतं, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल (आभासी) मशीन चालवायची विंडोजची सोय, आणि टॅली त्यातल्याच एका मशीनवर चालायचं. पाचव्या आठवड्यात मी पळापळ सोडली आणि सर्व्हरवर नोंदी ठेवायची सोय केली. ती कशी केली, ते इथं सांगतो. विकत काही घ्यावं लागत नाही, सगळं विंडोज सर्व्हरमध्येच असतं.

आधी एका कागदावर मांडणी लिहून काढा. सर्व्हरला किती कोअर, किती रॅम, त्यावर कोणकोणती मशीन, प्रत्येकाला किती प्रोसेसर आणि किती मेमरी दिली आहे, आणि प्रत्येकाची डिस्क फाइल (अशा मशीनची डिस्क म्हणजे सर्व्हरवरची एक फाइलच) नेमक्या कोणत्या ड्राइव्हवर आहे. हा शेवटचा रकाना चुकवू नका. या कारखान्यात टॅली, हजेरी, फाइल सर्व्हर आणि स्टोअरचं सॉफ्टवेअर अशी चार मशीन होती आणि चारही एकाच ड्राइव्हवर. कागदावर ते दिसलं, तेव्हाच मला निम्मा अंदाज आला. मुख्य सर्व्हरचं आणि सगळ्या मशीनचं घड्याळ जुळतं का, तेही आत्ताच बघा. नाहीतर पुढं नोंदी जुळवताना डोकं फिरतं.

आता सगळ्यात मोठी फसगत. मुख्य सर्व्हरवर टास्क मॅनेजर उघडला की सीपीयू ५-७ टक्के दिसतो आणि आपण म्हणतो, सर्व्हर तर निवांत आहे. तसं नसतं. हायपर-व्ही चालू केल्यावर हायपरवायझर, म्हणजे सगळ्या मशीनना सीपीयू आणि मेमरी वाटून देणारा थर, सगळ्यांच्या खाली जातो आणि आपण ज्याला मुख्य विंडोज म्हणतो, तेही त्याच्यावर चालणारा एक भाडेकरूच होतं. टास्क मॅनेजर फक्त त्या भाडेकरूच्या खोलीतलं सांगतो. मशीनच्या आत बघितलं तरी अडचण तीच, शेजारचं मशीन डिस्क अडवून बसलंय हे आतून कळत नाही. म्हणून मोजमाप मुख्य सर्व्हरवरूनच घ्यायचं, आणि तेही हायपर-व्हीच्या स्वतःच्या काउंटरवरून, म्हणजे तो सतत मोजत असलेल्या आकड्यांवरून.

त्यासाठी परफॉर्मन्स मॉनिटर उघडा. समोर धावणाऱ्या आलेखात रमू नका, तो शेवटची शंभर सेकंदं दाखवतो आणि पुढं सरकतो. आपल्याला साठवलेली नोंद हवी. डावीकडं डेटा कलेक्टर सेट्समध्ये यूजर डिफाइन्डवर राइट क्लिक करून नवा सेट करा, त्याला नाव द्या, मॅन्युअली हा पर्याय घ्या आणि परफॉर्मन्स काउंटरवर खूण करा. मग काउंटर निवडा. यादी लांबलचक आहे, पण मी एवढेच घेतो:

- हायपर-व्ही हायपरवायझर लॉजिकल प्रोसेसर गटातला टोटल रन टाइम. सर्व्हरच्या सीपीयूवरचा खरा भार हा. ६० टक्क्यांपर्यंत चिंता नको, बराच वेळ ९० च्या वर राहिला तर मशीन जास्त झाली आहेत.
- व्हर्च्युअल प्रोसेसर गटातला गेस्ट रन टाइम, सगळ्या मशीनसाठी. भार कुणाचा, ते इथं कळतं.
- मेमरी गटातला अव्हेलेबल एमबाइट्स. डायनॅमिक मेमरी (गरजेप्रमाणे मशीनची मेमरी कमी-जास्त करणं) चालू असेल तर हायपर-व्ही डायनॅमिक मेमरी व्हीएम गटातला करंट प्रेशरही. १०० म्हणजे मशीनला जेवढी मेमरी हवी तेवढीच मिळाली आहे, त्याच्या वर गेला की ते उपाशी आहे.
- फिजिकल डिस्क गटातले सेकंद पर रीड आणि सेकंद पर राइट.
- व्हर्च्युअल स्टोरेज डिव्हाइस गटातले रीड आणि राइट बाइट्स, सगळ्या फाइलींसाठी.

यातल्या डिस्कच्या काउंटरकडं जास्त लक्ष द्या. टॅली हलेना झालं की लोक रॅम वाढवायला निघतात, पण मी जिथं जिथं मोजलं तिथं बहुतेक वेळा डिस्कच दमलेली निघाली. हा आकडा सेकंदात येतो, म्हणजे ०.०२० म्हणजे २० मिलिसेकंद. तेवढ्यापर्यंत काम बरं चालतं. २५ च्या वर सतत राहिला की माणसाला अडखळणं जाणवायला लागतं. स्टोरेज डिव्हाइसच्या काउंटरमध्ये डिस्क फाइलचा पत्ता दिसतो, त्यामुळं ड्राइव्ह कुणी अडवला ते नावानिशी सापडतं.

नोंद दर १५ सेकंदांनी घ्या. दिवसाच्या ५,७६० नोंदी होतात, भरपूर झाल्या. फाइल मशीन असलेल्या ड्राइव्हवर ठेवू नका. सेटच्या प्रॉपर्टीजमध्ये स्टॉप कंडिशनला एक दिवसाची मर्यादा घालून रीस्टार्टवर खूण केली की रोजची वेगळी फाइल तयार होते.

इथं एक गोष्ट आपल्याकडं फार नडते. लाइट गेली, यूपीएस संपला, सर्व्हर बंद होऊन परत चालू झाला, तरी आपण केलेला सेट आपोआप चालू होत नाही. पंधरा दिवसांनी बघावं तर फाइल पहिल्याच दिवशी थांबलेली. खानापूरकडच्या एका ठिकाणी ऐन पावसाळ्यात माझा अख्खा महिना असा वाया गेला. म्हणून टास्क शेड्यूलरमध्ये सिस्टिमच्या खात्यावर, सर्व्हर चालू होताना चालणारं एक काम टाका. त्यात लॉगमन (असे सेट चालू-बंद करणारी विंडोजची आज्ञा), मग स्टार्ट, मग सेटचं नाव एवढंच द्यायचं. नंतर सर्व्हर एकदा मुद्दाम बंद-चालू करून खात्री करा.

आता दोन आठवडे काही बदलू नका. जीएसटीची ११ किंवा २० तारीख त्यात येईल असं बघा, म्हणजे गर्दीचा दिवस कसा दिसतो तेही कळेल. चांगल्या दिवसाचे आकडे हाताशी नसले तर वाईट दिवसाचे आकडे बघून काही बोध होत नाही.

याच काळात ऑफिसात एक वही ठेवा. तारीख, घड्याळातली वेळ, कोण, काय करत होता. आपल्या भागात एका टेबलावर मराठी, शेजारच्यावर कन्नड. ज्याला जी भाषा येते तीत लिहू दे, पण "आत्ता" किंवा "ईगष्टे" असं नको, दहा वाजून बारा मिनिटं असंच हवं. ही वेळ नसेल तर ५,७६० नोंदींत शोधणार कुठं?

वहीत सोमवार १०.१२ अशी नोंद सापडली. मी त्या दिवसाची फाइल उघडून दहा ते अकरा एवढाच भाग मोठा केला. सीपीयू शांत, मेमरी शिल्लक. डिस्कची रीडची रेघ मात्र रोजच्या ८-१० मिलिसेकंदांवरून १४० वर गेलेली, आणि स्टोरेजच्या आलेखात एकच फाइल सगळ्यांच्या वर: फाइल सर्व्हर, टॅली नव्हे. त्या मशीनच्या आत शिरल्यावर कारण मिळालं. बॅकअपची वेळ होती रविवारी रात्रीची. रविवारी सुट्टी, म्हणून शनिवारी सर्व्हर बंद करून जायचे. हुकलेलं काम शक्य होताच चालवा, अशी खूण टास्कवर होती. सोमवारी सर्व्हर चालू झाला की बॅकअप सुरू, आणि त्याच वेळी सगळे टॅली उघडायचे. बॅकअप शनिवारी दुपारी दोनवर आणला, खर्च शून्य.

राहिला इशारा. पुन्हा यूजर डिफाइन्डमध्ये नवा सेट करून या वेळी काउंटर अलर्ट निवडा. पहिला इशारा ड्राइव्हवरच्या मोकळ्या जागेचा ठेवा, १५ टक्क्यांच्या खाली आली की इव्हेंट लॉगमध्ये नोंद पडेल असा. डिस्क फाइलींचा ड्राइव्ह भरला की हायपर-व्ही त्यावरची मशीन तिथल्या तिथं थांबवतो. घेऊन विसरलेला चेकपॉइंट (मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) गुपचूप वाढत राहतो आणि जागा खातो, म्हणून इशारा आला की आधी चेकपॉइंट बघा. ते हायपर-व्ही मॅनेजरमधूनच काढायचे, फोल्डरमध्ये जाऊन फाइल हातानं पुसायची नाही, नाहीतर मशीनचा डेटा जातो. दुसरा इशारा डिस्क रीडचा, ०.०५० च्या वर. याहून जास्त इशारे मी लावत नाही.